हिरव्या लाकडाचा कारागीर

युरोपातल्या जंगलात पडलेली ओकची फांदी मोडावी आणि आतले लाकूड मोरचुदासारखे निळसर हिरवे निघावे, असे पुष्कळदा घडते. पाहणाऱ्याला वाटते, कोणी रंग ओतला की काय! हा उद्योग क्लोरोसिबोरिया या बुरशीचा. तिचे फळ म्हणजे त्याच रंगाची, आखूड देठाची, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची वाटी. पण वाट्या दिसतात ओलाव्याच्या दिवसांत, त्याही क्वचित; हिरवे लाकूड मात्र बारा महिने सापडते. त्यामुळे ही बुरशी बहुधा वाटी न पाहताच ओळखावी लागते.

कलेच्या इतिहासात हाच प्रश्न उभा राहिला. इटलीत गुब्बिओ येथील राजवाड्यात ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच्यासाठी १४७८ ते १४८२ च्या सुमारास एक लहानशी अभ्यासिका सजवली गेली. फ्लॉरेन्सच्या जुलियानो दा मायानोच्या कारखान्यात निरनिराळ्या लाकडांचे पातळ तुकडे जुळवून भिंतींसाठी जाळीची कपाटे, पुस्तके, वाद्ये यांची चित्रे तयार झाली. या कामाला इंटार्सिया म्हणतात. तपकिरी, पिवळसर, काळपट लाकूड झाडेच देतात; मग हिरवे कोठून आणले? तांब्याच्या क्षारांनीही लाकूड हिरवे करता येते. नुसत्या डोळ्यांना हा फरक कसा कळणार?

ही अभ्यासिका १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेतली. पंधराव्या शतकातील अशा कामांतले हिरवे तुकडे रॉबर्ट ब्लँचेट, अंत्वान विल्मरिंग आणि सहकाऱ्यांनी तपासले व १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: रंग या बुरशीचा! बाहेरून दिलेला रंग पृष्ठभागाकडून आत मुरतो. इथे सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाच्या पेशींमध्येच बुरशीचे तंतू दिसतात. झायलिंडीन हे त्यांचे रंगद्रव्य पाचशे वर्षे टिकले, हे विशेष. शिवाय ही बुरशी लाकूड फार सावकाश कुजवते, म्हणून सुताराच्या हत्याराखाली ते टिकाव धरते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील टनब्रिजच्या कारागिरांनीही आपल्या जडावाच्या पेट्यांसाठी असेच ओक वापरले.

एवढ्यावर ओळख पुरी होत नाही. युरोपात या बुरशीच्या दोन जाती आढळतात. एरुजिनॅसेन्सचे बीजाणू साधारण ६ ते १० मायक्रॉन लांब, तर एरुजिनोझाचे ९ ते १४. मधल्या मापाचा एखादाच बीजाणू हाती आला तर निर्णय होत नाही. अनेक मोजावे लागतात. बीजाणू वाटीत तयार होतात आणि भिंतीवर जडवलेल्या तुकड्याला वाटी नसते. त्यामुळे नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ड्यूकच्या कारागिरांनी यांतली कोणती जात वापरली ते सांगता येत नाही.