दोन तारखांमधले अंतर : अहर्गणापासून शेलपर्यंत

पुसदच्या एखाद्या शाळेत गुणपत्रकांच्या फाइलीची एक प्रत संगणकात रोज साठवली जाते, असे समजा. जागा पुरावी म्हणून महिन्याहून जुन्या प्रती पुसायच्या आहेत. युनिक्स प्रणालीत हे काम शेल-आज्ञावलीवर, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञांवर, सोपवता येते. तिला एकच प्रश्न सोडवायचा असतो : फाइलची तारीख आजच्या तारखेच्या किती दिवस मागे आहे? उत्तर चुकले तर हवी असलेली प्रत पुसली जाते आणि सहसा परत मिळत नाही.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. २७ फेब्रुवारी २०२४ आणि ५ मार्च २०२४ या तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने सलग लिहू : २०२४०२२७ आणि २०२४०३०५. आधीची कोणती, नंतरची कोणती हे यावरून कळते. पण वजाबाकी केली तर ७८ येतात. खरे अंतर ७ दिवसांचे आहे. महिने लहानमोठे, त्यात लीप वर्ष. तेव्हा तारखांची सरळ वजाबाकी होत नाही. आधी त्या एका ठरलेल्या आरंभापासूनच्या मोजणीत बदलाव्या लागतात.

ही युक्ती आपल्या पंचांगकर्त्यांना जुनीच ओळखीची होती. आरंभापासून उलटलेल्या दिवसांच्या संख्येला ते अहर्गण म्हणत. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर सोळाव्या शतकात हा आकडा सुमारे १७ लाखांवर गेला होता. एवढ्या संख्येचे गुणाकार-भागाकार हाताने करणे जिकिरीचे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' या ग्रंथात शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ घेतला आणि ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र मानले. चालू शकातून १४४२ वजा करायचे आणि ११ ने भागायचे; भागाकार म्हणजे झालेली चक्रे. बाकी राहिलेल्या वर्षांचेच दिवस काढायचे. अहर्गण आटोपशीर राहिला.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न भेटला. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत काळ १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजला होता. ३२ द्विमान अंकांत मावणारी ही संख्या सुमारे ८२९ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांत, भरून जाई. पुढे १९७० च्या दशकातच पूर्ण सेकंद मोजण्याची आणि १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून आरंभ धरण्याची पद्धत स्थिरावली. प्रत्येक फाइलीत शेवटचा बदल कधी झाला, हे याच मोजणीत नोंदले जाते.

आता आज्ञावलीचे काम समजते. 'स्टॅट' आज्ञेकडून फाइलचे सेकंद घ्यायचे, 'डेट'कडून आताचे. वजाबाकी करून ८६,४०० ने भागायचे. 'फाइंड' ही आज्ञा हे सारे स्वतःच करते, पण पूर्ण दिवस तेवढे मोजते आणि वरचे तास सोडते. 'तीसपेक्षा जास्त' असे सांगितले तर ३० दिवस २३ तास वयाची फाइल तीसचीच ठरते. ३१ दिवस भरल्यावरच ती सापडते. शिवाय साधी नक्कल केली की नव्या फाइलीवर नकलेच्या वेळेचीच नोंद होते, मजकूर कितीही जुना असो.

स्थळाचा हिशेबही विसरून चालत नाही. पुसदचे घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, पुढे असते. पुसदला पहाटे ३ वाजता लिहिलेली फाइल ग्रिनिचच्या हिशेबाने आदल्या दिवसाची असते. पंचांगकर्तेही हे करीत. त्यांची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाई. पुसद तिच्या पूर्वेस पावणेदोन अंशांहून थोडे अधिक, म्हणून तेथे सुमारे ७ मिनिटांचा देशांतर संस्कार येतो.

सेकंदांची मोजणीही अमर्याद नाही. जेथे ती अजून ३२ अंकांतच, एक अंक चिन्हासाठी राखून, ठेवलेली आहे, तेथे २,१४,७४,८३,६४७ हा शेवटचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल. ६४ अंकांच्या मोजणीत ही अडचण उरत नाही.

वर्गात एक पडताळा करून घेता येईल. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. तेथून १ जानेवारी २००० पर्यंत ३० वर्षांचे १०,९५० आणि ७ लीप दिवस मिळून १०,९५७ दिवस होतात. ७ ने भागून बाकी २, म्हणून शनिवार. तो बरोबर आहे. अहर्गण चुकला नाही ना, हे पंचांगकर्ते असेच वारावरून तपासत. मुलांना आपापल्या जन्मदिवसाचा वार या रीतीने काढू द्यावा, आणि घरी जुनी दिनदर्शिका असल्यास तिच्याशी ताडून पाहायला सांगावे.