युद्ध संपतं कधी? वळिवड्याच्या पोलिश छावणीची गोष्ट

वाडीला युद्ध हा शब्द नवा नाही. शेजारीच अंबाझरीची आयुध निर्माणी आहे. पण आज मी दारूगोळ्याबद्दल बोलणार नाही. युद्धात ज्यांचं घर गेलं, त्यांना युद्ध कसं दिसतं, ते पाहू. त्यासाठी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जावं लागेल.

1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. दुसरं महायुद्ध 1 सप्टेंबर 1939 ला सुरू झालं, असं आपण शाळेत शिकलो. ही माणसं पूर्व पोलंडची. त्यांच्याकडे 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा शिरल्या. फेब्रुवारी 1940 पासून कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेली गेली. त्यांचं युद्ध इथून सुरू होतं.

1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल आंदेर्स यांच्या सैन्यात गेले. बायका-मुलांपैकी हजारो इराणमार्गे भारतात आली.

वळिवड्यात शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही व्हायची. पंचगंगेच्या खोऱ्यात बॉम्ब पडत नव्हते. म्हणून युद्ध लांब राहिलं होतं का? नाही. मे 1944 मध्ये पोलिश सैन्य इटलीत मॉन्ते कासिनोला लढत होतं, आणि छावणीतल्या कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ त्या सैन्यात होता.

मे 1945 मध्ये जर्मनी शरण आला. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, याल्टा परिषदेत पूर्व पोलंडचा बहुतांश भाग सोव्हिएत संघाकडे ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे बघा, आपली बाजू जिंकली आणि आपलं गाव परक्या देशात गेलं! आता परतायचं कुठे? काही जण पोलंडला गेले; बरेच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे पांगले.

रिकाम्या झालेल्या त्या छावणीत पुढे फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. त्यांच्यावर तर कुणी युद्ध जाहीरही केलं नव्हतं. घर मात्र गेलंच.

युद्धाच्या तारखा सरकारं ठरवतात. निर्वासिताचं युद्ध घर सुटतं तेव्हा सुरू होतं, आणि परतायला घर उरलं नाही तर ते संपलं असं म्हणणं अवघड होतं.

आपल्या नागपुरात जरीपटक्याला सिंधी निर्वासितांची वस्ती आहेच. तिथे कुणी जुनं माणूस भेटलं, तर फाळणी कधी झाली हे विचारू नका. ते पुस्तकात आहे. घर कधी सोडलं, ते विचारा.