धावणाऱ्याचा अजुरा

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी असा इंदापूरला जाणारा रस्ता मला डोळ्यांपेक्षा पायांनी अधिक ठाऊक आहे. गेली आठ-नऊ वर्षे मी त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांवर धावत आलो आहे. तेही उजाडायच्या आधी, जेव्हा रस्त्यावर दुधाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि कुत्री एवढेच असतात. कारखाने सुरू झाले की हवेत मळीचा वास भरतो, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी ट्रॅक्टरच्या आधी दोन फर्लांग येऊन पोहोचतात. चाळिशीच्या उंबऱ्यावर पळायला लागलेल्या माणसाकडे आमच्या भागात दोनच दृष्टींनी पाहिले जाते: एक तर याला डॉक्टरांनी सांगितले असावे, नाहीतर याचे घरी बिनसले असावे. मास्तर हौसेने पळतो, हे कुणाला पटत नाही.

या ‘हौस’ शब्दापाशीच मला थांबायचे आहे. त्याचे कारण माझ्या शाळेतला एक मुलगा.

बारामतीतल्या एका शर्यतीत मी पहिल्यांदा छातीवर नंबर लावला तेव्हाची ही गोष्ट. माझी शर्यत दहा किलोमीटरची. ती मी एक तास नऊ मिनिटांत, बऱ्याच जणांची पाठ पाहत पुरी केली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते पदक दाखवण्याचा मोह मला आवरला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, बक्षीस किती होतं?” मी त्याला ऐटीत सांगितले की धावणे पैशांसाठी नसते. मुलगा खाली बसला. त्याच्या पायांत त्या दिवशी चपला होत्या की नाही, हे मी पाहिलेसुद्धा नाही. पुढे कळले की तो पहाटे उठून कालव्याच्या कडेने पळत असे, आणि जत्रेतल्या, वाढदिवसांच्या शर्यती कुठे आहेत याची माहिती त्याला माझ्यापेक्षा अधिक होती.

आपण मास्तरमंडळी चूक कळली की पुस्तकांकडे वळतो. मीही वळलो, आणि आपल्या मुलखात माणसे धावत कशासाठी आली, हे शोधू लागलो.

सर्वांत जुने धावणारे सापडले ते मराठी कागदपत्रांत. पेशवाईत पत्र पोहोचवी तो जासूद. पुष्कळदा दोघांना मिळून धाडीत; ‘जासूदजोडी’ हा शब्द जुन्या पत्रांत जागोजाग भेटतो. वाटेत एकाला ताप आला, वाघरू आडवे आले, नदीला पूर आला, तरी पत्र पुढे जावे, हा त्यातला हिशेब. या माणसांना जी मजुरी मिळे तिला ‘अजुरा’ म्हणत. बारामती तेव्हा बाबूजी नाईकांची; तिथे कविवर्य मोरोपंत आर्या रचीत होते (ते १७९४ मध्ये वारले). त्या वाड्याच्या दिंडीतून अनेक जासूद धापा टाकीत आत गेले असतील. मोरोपंतांची आर्या राहिली. जासुदांची बहुतेक नावेही राहिली नाहीत. पत्राच्या कडेला अजुऱ्याची नोंद तेवढी राहिली, आणि ती राहिली हेही मला थोडके वाटत नाही. इंग्रजी अमलात हेच काम डाकेच्या हरकाऱ्याकडे आले. त्याच्या भाल्याला घुंगरू असत, टप्पा संपला की पिशवी पुढच्याच्या खांद्यावर जाई. तो धावे, कारण धावण्याचा त्याला पगार होता.

पैशांवाचूनचे धावणे आमच्याकडे नाही असे मात्र नव्हे. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने येते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला पहिले गोल रिंगण, मग इंदापूरला दुसरे. झेंडेकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी वीणा छातीशी धरून धावतात, आणि शेवटी घोडे सुटतात. साठीची आजी तुळशीचा तोल न ढळू देता ज्या वेगाने फेरी घालते तो पाहून माझ्यासारख्या घड्याळ लावून पळणाऱ्याने मान खाली घालावी. तिथे पहिला कोण, हे विचारीत नाहीत. पण बारा महिन्यांतल्या त्या एका दिवसावरून बाकीच्या दिवसांचा निवाडा करणे बरे नव्हे. आणि मी वर्गात नेमके तेच केले होते.

आता शर्यतीकडे येऊ. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. १९१९ च्या तिथल्या क्रीडासामन्यांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जे धावले ते बहुतेक शेतकरी, अनवाणी, कसल्याही शास्त्रशुद्ध सरावाविना. आणि तरी त्यांच्यातल्या काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळेशी तोलण्याजोगी निघाली. टाटा चकित झाले. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा सारा प्रसंग सांगितला आहे. त्याच पत्रात एक मौजेची हकीकत आहे. शंभर यार्डांच्या शर्यतीला वेळ किती धरावी, असे विचारता जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदाने एक ते दोन मिनिटे असा अंदाज दिला. इथे प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा व त्याच्याही अंशांचा आहे, हे ऐकून तो गृहस्थ थक्क झाला! आयोजक बैठकीत मिनिटे मोजीत होते आणि बाहेर मैदानावर शेतकरी ऑलिंपिकच्या वेळेशी झगडत होते. आजही काही शर्यतींची व्यवस्था पाहताना मला हे पत्र आठवते. ते असो.

टाटांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळवले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानातून चार धावपटू व दोन मल्ल गेले. धावपटूंत बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि आपल्याकडचे फडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी. मल्लांत नवले आणि शिंदे. चौगुले बेळगावचे. २२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. हवा थंड, पाऊस भुरभुरत होता. अंतर नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरांहून अधिक, ४२.७५ किलोमीटर. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा लॉसमन त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांवर होता. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक म्हणजे काय, हे पळल्यावाचून कळत नाही. अठरा मिनिटांचे अंतर मोठे खरे; परंतु ज्या माणसाच्या देशाने याआधी ऑलिंपिकला संघच धाडला नव्हता, त्याने परमुलखातल्या थंडीपावसात एवढे अंतर तोडून जगातल्या पहिल्या विसांत यावे! आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला त्यांचे नाव आढळलेले नाही. ते मी आता वर्गात फळ्यावर लिहितो.

या ऑलिंपिकला जायचे तर खेळाडू ‘हौशी’ हवा, ही त्या काळची अट. ती आली इंग्लंडातून. तिथे १८७९ मध्ये हेन्लेच्या नौकाशर्यतीसाठी हौशी खेळाडूची जी व्याख्या केली होती तिच्यात कारागीर आणि मजूर बसतच नसत. कारण उघड होते: हातांनी राबणाऱ्याचे हात आधीच बळकट, मग साहेबाने त्याच्यापुढे जिंकावे कसे? ऑलिंपिकमध्ये अट पैशांपुरती उरली, पण तिचा दात गेला नाही. १९१२ मध्ये दोन सुवर्णपदके मिळवलेल्या जिम थॉर्पची पदके पुढच्याच वर्षी काढून घेतली, कारण पूर्वी कधी त्याने बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते. पदके त्याच्या मुलांच्या हाती पडायला १९८३ साल उजाडले. थॉर्प १९५३ मध्येच गेला होता. पावो नुर्मी, नऊ सुवर्णपदकांचा धनी, १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला मॅरेथॉन पळणार होता. धावण्याचे पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याला उभेच राहू दिले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात ही अट मोडीत निघाली. माझ्या वर्गात ती त्यानंतरही जिवंत होती.

आणि मग आमच्याच तालुक्यातल्या लताबाई करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी बारामतीजवळ येऊन शेतमजुरी करणाऱ्या. नवऱ्याच्या दुखण्याच्या तपासणीला पैसे हवे होते. साठी ओलांडलेल्या या बाईंना बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीची बातमी लागली: तीन किलोमीटर, बक्षीस पाच हजार रुपये. त्या नऊवारी लुगड्यात उभ्या राहिल्या, अनवाणी धावल्या, आणि पहिल्या आल्या. पुढेही धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट २०२० मध्ये आला; त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, २०२१ मध्ये, त्यांचा विशेष उल्लेख झाला.

त्यांच्या अनवाणी पायांचे कौतुक पुष्कळ झाले. मी अनवाणी पळण्याचा प्रयोग एकदा भवानीनगरच्या अलीकडे केला आहे. कार्तिकातली पहाट, डांबर गार, त्यावर उसाच्या चिपाडाचे तुकडे आणि बारीक खडी. अर्ध्या किलोमीटरवर मी हातात धरलेले बूट पुन्हा घातले. म्हणून अनवाणी पायांची थोरवी कुणी सांगू लागले की मला विचारावेसे वाटते: लताबाईंना त्या सकाळी कुणी बूट देऊ केले असते, तर त्यांनी नको म्हटले असते का?

लताबाईंनी पैशांसाठी धावून पुण्य गमावले, असे कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. मग मागच्या बाकावरच्या पोराला मी ते कसे म्हणालो? आमच्या पहाटेच्या रस्त्यावर आता त्याच्यासारखी वीस-पंचवीस पोरे-पोरी असतात. कुणाला पोलीसभरतीचे सोळाशे मीटर मारायचे असतात, कुणाला फौजेत जायचे असते, कुणी एका मोटारसायकलवर तिघे बसून माण-खटावकडच्या शर्यतीला जाऊन आलेले असतात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अशाच दुष्काळी रस्त्यांवरून निघून २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. सगळे काही रिओला जाणार नाहीत. बरेच जण हजार-दोन हजार रुपये घेऊन घरी जातील, त्यांतले पेट्रोलचे वजा करतील, उरलेले आईच्या हातात देतील. मी मात्र नावनोंदणीचे सातशे रुपये भरून पळतो आणि पदक खिळ्याला अडकवतो. खरा हौशी तो मीच. आणि हौसेला लागणारे पैसे माझ्याजवळ आहेत एवढाच त्याचा अर्थ.

तो मुलगा शाळा सोडून गेला त्याला तीन वर्षे झाली. गेल्या पौषात जंक्शनच्या पुढे तो मला मागून येऊन मिळाला. मला सोबत म्हणून त्याने वेग कमी केला. “इंदापूरकडे एक शर्यत आहे, सर,” म्हणाला, “फॉर्म इंग्रजीत आहे, जरा वाचून द्या.” आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मोबाईल त्याने माझ्यापुढे धरला. घामाने चष्मा धुरकटला होता तो मी पुसला, आणि नाव, वय, अंतर हे सारे रकाने सोडून आधी बक्षिसाचा रकाना त्याला वाचून दाखवला.