जागा बदलली आणि कॉम्प्युटर चालू होईना? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी घरांचा एक पाय गावात आणि दुसरा पुण्या-मुंबईत असतो. खोली बदलली, नोकरी बदलली किंवा मुलं शिकायला बाहेर पडली की सामान टेम्पोत भरलं जातं आणि गाद्या-भांड्यांच्या मध्ये कुठेतरी कॉम्प्युटरही बसतो. पुणे-नाशिक महामार्ग संपून गावचा रस्ता सुरू झाला की खरे धक्के बसायला लागतात. घरी पोचल्यावर बटण दाबलं तर पडदा काळाच!

अशा वेळी "मदरबोर्ड गेला" असं लगेच समजू नका. निघताना चालू असलेला कॉम्प्युटर पोचल्यावर बंद पडला, तर बहुतेक वेळा काही जळलेलं नसतं. काहीतरी हललेलं किंवा सैल झालेलं असतं. ते शोधायचं बाहेरून आत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून.

चालू करण्याआधी थोडं थांबा

पावसाळ्यात भीमाशंकरच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या गावांत सामान ओलं होण्याची शक्यता जास्त. थंडीत रात्रभर बाहेर उभ्या टेम्पोतला कॉम्प्युटर उबदार घरात आणला, तर आतल्या धातूवर दव धरू शकतं. म्हणून दोन-तीन तास तो घरात नुसता ठेवा. आत पाणी गेल्याची शंका असेल तर चालू करूच नका. पूर्ण वाळेपर्यंत थांबा किंवा जाणकाराला दाखवा.

आधी वीज तपासा

• ज्या सॉकेटला कॉम्प्युटर लावला, तिथे मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहा.
• यूपीएस बरेच दिवस बंद पडून असेल तर त्याची बॅटरी उतरलेली असू शकते. तो बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा.
• कॅबिनेटच्या मागे, वायर लागते तिथे छोटा स्विच असतो. सामान उचलताना तो हमखास बंद होतो.
• काही जुन्या मशीनवर तिथेच ११५ आणि २३० असा लाल स्विच असतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे. स्विच ११५ वर सरकला असेल तर सप्लाय क्षणात उडतो, म्हणून हे बटण दाबण्याआधीच पाहा.
• कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नसल्याची शक्यता मोठी. कॉम्प्युटर बंद करा, आधी वायरमन बोलवा.

शेतीचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. तेवढ्याच वेळी कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर दोष मशीनचा नाही, विजेचा असू शकतो.

लक्षण काय आहे?

*पंखेही फिरत नाहीत:* वीज पोचत नाही. वरची यादी पुन्हा तपासा. मग कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा छोटा प्लग नीट बसलाय का ते पाहा. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

*पंखे फिरतात, पण पडद्यावर 'नो सिग्नल':* वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच लावायची. घाईत ती वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत लागते. वायर बरोबर असेल तर रॅम किंवा कार्ड सैल झालं असण्याची शक्यता मोठी.

*बीप-बीप आवाज येतो:* ही चांगली खूण आहे. मदरबोर्ड जिवंत आहे आणि तक्रार सांगतोय. बऱ्याचदा ती रॅमची असते.

*चालू होऊन थोड्याच वेळात बंद होतो:* प्रोसेसरवरचा पंखा धक्क्याने सैल झाला असेल. प्रोसेसर तापला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका, पंखा चारही बाजूंनी पक्का आहे का ते पाहा.

*विंडोजऐवजी 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं येतं:* पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर काढा. मग हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी दाबून बसवा.

*तारीख मागे गेली, वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतात:* मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरलाय. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, तो ३ व्होल्टचा असतो आणि स्वस्तात मिळतो. सेल उतरल्यावर काही सेटिंगही मूळ जागी जातात आणि त्यामुळेही कधीकधी विंडोज सुरू होत नाही.

रॅम पुन्हा कशी बसवायची?

मुख्य वायर काढा. चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. खाचेचा चाप उघडून रॅम सरळ वर काढा, सोनेरी कडा कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने हलकेच पुसा आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा, दोषी कोण ते कळेल.

फॉरमॅटला घाई नको

"विंडोज मारावी लागेल" हा सल्ला अशा वेळी लगेच मिळतो. पण सैल वायर विंडोज मारून घट्ट होत नाही. उलट लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशोब, शाळेची कागदपत्रं जातात. मशीन दुरुस्तीला देताना आधीच सांगा: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही. डेटा फार मोलाचा असेल तर डिस्क काढून घेऊन मगच मशीन द्या.

हार्ड डिस्कमधून सारखा 'टक-टक' आवाज येत असेल तर लगेच बंद करा. आतले फिरते भाग दुखावले असतील, तर प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढतं. एसएसडीत फिरते भाग नसल्यामुळे ती धक्के जास्त सहन करते.

पडद्यावर बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली, तर घाबरू नका. सेटिंग बदलल्यावर असं होऊ शकतं. बऱ्याचदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून पाहा.

पुढच्या वेळी हलवताना

• वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा.
• महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क टेम्पोत नको, आपल्या पिशवीत हवी.
• जड ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून वेगळं गुंडाळा.
• कॅबिनेट गादीवर आडवं ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली. म्हणजे आतली कार्डं उभी राहतात, लोंबकळत नाहीत.
• वरून प्लॅस्टिकचा कागद टाका.

एवढं करूनही मशीन उठलं नाही, तर मंचर-नारायणगावला दुरुस्तीला न्यावं लागेल. पण तो पुन्हा एक धक्क्यांचा प्रवास आहे. म्हणून आधी दुकानदाराला फोन करा आणि काय तपासलं, कोणतं लक्षण दिसलं, ते सांगा. त्याचं अर्धं काम तिथेच होईल आणि न बिघडलेल्या भागाचे पैसे भरायची वेळही टळेल.