प्लेगची वर्षे आणि समाजाचा भरवसा

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीचा आढावा असावा, ही अपेक्षा रास्त आहे. तो आढावा या अंकात इतरत्र अधिकारी लेखणीतून आलेला आहे. मुख्याध्यापिकेची जबाबदारी येण्यापूर्वी मी दीर्घकाळ इतिहास शिकवला आणि आजही आठवड्यातील काही तासिका मी स्वतःकडे राखून ठेवल्या आहेत. त्यामुळे या निमित्ताने इतिहासातीलच एक प्रकरण माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावे, असे मनात आले. माणसे एकमेकांशी कशी वागतात यावर सबंध समूहाचे हित किती अवलंबून असते, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. हे प्रकरण म्हणजे १८९६ पासून भारतात पसरलेली प्लेगची साथ.

पाठ्यपुस्तकात ही साथ दोन-तीन ओळींत संपते. पुण्यात प्लेग आला, रँडने जुलूम केला, चापेकर बंधूंनी त्याला गोळ्या घातल्या. मुले हे पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. वस्तुतः ही साथ पुढे दोन दशकांहून अधिक काळ देशाच्या निरनिराळ्या भागांत पुनःपुन्हा डोके वर काढत राहिली आणि तिने सुमारे एक कोटी भारतीयांचे प्राण घेतले. एवढ्या मोठ्या संहाराचा इतिहास केवळ जंतूचा इतिहास असू शकत नाही. तो राज्यकर्त्यांच्या, पुढाऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि कुटुंबांच्या वर्तनाचाही इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका विचित्र तापाचे रुग्ण आढळू लागले. गोदामांनी व दाट वस्तीने भरलेल्या या भागात काम करणाऱ्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला याच रोगाने थैमान घातले होते. महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांना विश्वासात घेण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. रुग्णालय म्हणजे जेथून माणूस परत येत नाही अशी जागा, ही त्या काळची सामान्य समजूत होती. त्यात अफवांची भर पडली. रुग्णांना मारून त्यांच्या शरीराचे तेल काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून सरकार सूड उगवत आहे, असे लोक बोलू लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला.

यानंतर महापालिकेने आपली सक्ती काहीशी सैल केली. त्यामागे दंगलीची भीती होतीच, पण आणखी एक भीती होती. शहराची सफाई करणारे हलालखोर जर मुंबई सोडून गेले असते तर काही दिवसांतच शहर राहण्यायोग्य उरले नसते. ज्यांची सावलीही अंगावर पडू नये असे मानले जाई, त्यांच्याच हातांवर साऱ्या नगरीचे आरोग्य उभे होते. संकटाने ही गोष्ट उघड केली. दुर्दैवाने संकट ओसरल्यावर समाज ती विसरला. दरम्यान इतर लोक मात्र शहर सोडून जातच होते. १८९७ च्या आरंभी मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली होती. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी उतरलेली दिसते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याच सुमारास पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. मार्चपासून गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती सुरू झाली. सैनिक माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरले. संशयितांना छावणीत नेण्यात आले, कपडे व अंथरुणे जाळण्यात आली. स्त्रियांच्या तपासणीवरून तर सारे शहर संतप्त झाले. याचा परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. कोणी माळ्यावर, कोणी अडगळीत, कोणी रातोरात दुसऱ्या गावी. ज्या उपायाचा उद्देश रोगी शोधून काढणे हा होता, त्याच उपायामुळे रोगी सापडेनासे झाले. पुढे २२ जून रोजी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला मरण पावले. त्यानंतर फाशी, खटले आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा, हा क्रम राजकीय इतिहासाने नोंदवला आहे. आरोग्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. शासनावरील विश्वास एकदा उडाला की योग्य सूचनाही कोणी ऐकत नाही.

समाजाच्या पुढाऱ्यांचे वर्तनही येथे कसोटीला लागले. अनेक सुखवस्तू मंडळी पुणे सोडून गेली. टिळक शहरात राहिले, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला आणि सरकारी जाचाबरोबरच पळून जाणाऱ्या पुढाऱ्यांवरही ‘केसरी’तून टीका केली. सावित्रीबाई फुले यांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळरानावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणत असत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, असे सांगितले जाते. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. छावणीत ओढून नेणारा हात आणि पाठीवर घेऊन जाणारा हात, दोन्ही रुग्णाला घराबाहेरच काढत होते. तरीही एकाला पाहून लोक दारे लावून घेत आणि दुसऱ्याच्या स्वाधीन आपले मूल करत.

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून काही महिन्यांसाठी मायदेशी आलेले तरुण मोहनदास गांधी राजकोटला होते. मुंबईतील प्लेगच्या वार्तेने तेथेही घबराट पसरली, तेव्हा त्यांनी संस्थानाकडे स्वच्छतेच्या कामासाठी नाव दिले. त्यांच्या समितीने घरोघरच्या शौचकूपांची पाहणी केली. गरिबांनी ती आनंदाने करू दिली आणि सुचवलेल्या सुधारणाही अमलात आणल्या. प्रतिष्ठितांच्या घरी मात्र काहींनी समितीला आतच येऊ दिले नाही, आणि घाणही तेथेच अधिक आढळली. अस्पृश्यांच्या वस्तीत जाण्यास समितीचा एकच सदस्य गांधींबरोबर तयार झाला. तेथील घरे त्यांना स्वच्छ, सारवलेली दिसली. हा अनुभव गांधींनी आत्मचरित्रात सांगितला आहे. कोणाच्या घरात रोग असेल याविषयीचे समाजाचे अंदाज आणि प्रत्यक्ष वस्तुस्थिती यांत केवढे अंतर असू शकते, हे त्यातून दिसते.

लसीची कथाही विश्वासाचीच कथा आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत प्लेगविरोधी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. तरीही लोक बिचकत होते. अशा वेळी खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. परिणामी त्या समाजात लस घेणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. फतवा काढून जे साधले नसते ते स्वतःचा दंड पुढे केल्याने साधले.

उलट, कमावलेला विश्वास एका क्षणात कसा नाहीसा होतो, हे पंजाबातील मलकवाल गावी दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट त्या वेळी मागे पडली. हाफकिन दोषमुक्त झाले ते १९०७ मध्ये, आणि तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उघडपणे त्यांची बाजू घेतल्यावर. मुंबईतील ज्या संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, तिचा पाया घालणाऱ्या या माणसाची ऐन उमेदीची वर्षे आरोपाच्या छायेत गेली. एक कोणीतरी दोषी सापडला की समाजाला हायसे वाटते. खरे कारण शोधण्याची निकड मग कमी होते.

या साऱ्यात एक विलक्षण गोष्ट आहे. गावात उंदीर मरून पडू लागले की घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहावे, असा शहाणपणा खेड्यापाड्यांतील लोकांपाशी होता. सरकारी अधिकारी मात्र माणसांना पकडण्यात, गाड्या अडवण्यात आणि चुन्याने भिंती रंगवण्यात गुंतले होते. जून १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमधून पसरतो, हे प्रयोगाने दाखवले. त्यांच्या म्हणण्याकडेही काही वर्षे दुर्लक्ष झाले. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के ठरले. उंदीर व पिसवा घरात होत्या. त्यामुळे घर सोडून मोकळ्यावर जाणे हा लोकांचा उपाय शास्त्राच्या कसोटीवर पुष्कळसा खरा उतरला. लोकांचे सगळेच समज बरोबर होते असे नव्हे. तेल काढण्याची अफवा हीही त्यांचीच होती. परंतु त्यांचे काहीच ऐकायचे नाही असे ठरवल्यामुळे अफवेबरोबर त्यांचे निरीक्षणही फेकून दिले गेले.

कालांतराने सरकारलाही शहाणपण सुचले. मुंबईत निरनिराळ्या समाजांना स्वतःची रुग्णालये काढण्यास मुभा मिळाली. वस्तीतील वडीलधाऱ्यांना पाहणीच्या वेळी बरोबर घेण्यात येऊ लागले, वैद्य-हकिमांची मदत घेतली गेली, आणि शतक संपता संपता सक्तीचे धोरण बऱ्याच अंशी मागे पडले. याने प्लेग संपला असे म्हणता येणार नाही. तो पुढेही अनेक वर्षे माणसे मारत राहिला. मात्र रुग्ण लपवण्याचे कारण कमी झाले, आणि आजारी माणसाला उपचार व शुश्रूषा मिळण्याची शक्यता वाढली. चांगल्या वर्तनाने जंतू मरत नाही. त्याच्याशी लढणारी माणसे मात्र एकमेकांपासून दुरावत नाहीत, आणि हा लाभ लहान नव्हे.

आपल्यापैकी बहुतेकांनी २०२० मध्ये या इतिहासाची छोटी आवृत्ती स्वतः अनुभवली. बाधित कुटुंबाच्या दारावर लागलेले फलक, जिन्यात टाळली जाणारी नजर आणि त्या भीतीने दडवलेले ताप आपण पाहिले. त्याच इमारतींत दाराशी डबा ठेवून जाणारे शेजारीही पाहिले. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, माणसाचा स्वभाव तोच राहिला.

महाराष्ट्राबाहेर चालणारी मराठी शाळा हाही एक लहानसा समूहच आहे. येथे कोणावर कोणाची सत्ता चालत नाही. पालक आपले मूल आपण होऊन पाठवतात, माजी विद्यार्थी आपण होऊन मदत करतात. भरवशावाचून येथे दुसरे भांडवल नाही. म्हणूनच काही साध्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एखाद्या मुलाला कांजिण्या झाल्या तर पालकांनी ते शाळेला लगेच कळवावे. शाळेने त्या मुलाचे नाव वर्गात जाहीर न करता इतर पालकांना सावध करावे. आज एका कुटुंबाची वाच्यता झाली तर पुढचे कुटुंब गप्प बसेल, आणि त्याची किंमत तिसऱ्या कुटुंबाचे मूल मोजेल. पालकांच्या समूहात एखादी बातमी फिरू लागली तर ती पुढे पाठवण्यापूर्वी कार्यालयात विचारावे. शाळेनेही उत्तर देण्यास टाळाटाळ करू नये. आणि ज्या सेवकवर्गाच्या हातांनी ही वास्तू रोज सकाळी आपल्यासाठी स्वच्छ होते, त्यांची आठवण केवळ संकटाच्या दिवसांत होऊ नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज डॉक्टर, परिचारिका, प्रशासक, अभियंते म्हणून देशभर काम करीत आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती एखाद्या वस्तीचे, विभागाचे किंवा शहराचे हित सोपवले जाईल. त्या वेळी आदेश काढण्यापूर्वी त्या वस्तीतील लोकांना उंदीर कधी मरू लागले ते विचारा. उत्तर देणारा माणूस अशिक्षित असेल, तुमची भाषा न बोलणारा असेल, कदाचित तुमच्यावर रागावलेलाही असेल. तरी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. या शाळेच्या बाकांवर इतिहास शिकलात, त्याचा तेवढा उपयोग झाला तरी आम्हा शिक्षकांना समाधान वाटेल.