कोरड्या पाइपातला नत्र

नत्र म्हटले की आपल्याला युरियाची गोणी आठवते, फार तर पेट्रोल पंपावर टायरात भरायचा ‘नायट्रोजन’. हाच वायू आगीच्या स्प्रिंकलरच्या पाइपांत भरतात असे सांगितले की ऐकणारा मान डोलावतो: म्हणजे आग विझवायला! तसे नाही. आग पाणीच विझवते. नत्र राखतो तो पाइप. ही राखणदारी त्याच्याकडे आली ती ठिगळावर ठिगळ लावता लावता.

सुरुवात विम्याच्या हप्त्यापासून. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा गिरणीमालक झकराया ॲलन. आपली गिरणी आगीपासून जपायला त्याने पदरचे पैसे घातले आणि हप्ता कमी करा म्हणाला. विमा कंपनीने ऐकले नाही. तेव्हा 1835 मध्ये त्याने इतर गिरणीवाल्यांना जमवून आपसांतलीच विमा मंडळी उभी केली. भरपाई स्वतःच्या खिशातून जायची म्हटल्यावर आगीची काळजी कोणालाही वाटू लागते. त्या मुलखातल्या गिरण्यांत छताखाली भोके पाडलेले पाइप आले. आग दिसली की धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा. मग जळणारे आणि न जळणारे सारेच भिजायचे. न्यू हेवनच्या हेन्री पार्मलीने 1874 मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी उष्णतेने आपोआप उघडणारी तोटी काढली. 1881 मध्ये फ्रेडरिक ग्रिनेलने ती सुधारली आणि तिचा धंदा केला.

पण तो मुलूख बर्फाचा. बिनशेगडीच्या माळ्यावर पाइपातले पाणी गोठायचे, फुगायचे आणि पाइप फोडायचे. आपल्याकडे ही धास्ती शीतगृहापुरतीच. त्यावर तोड निघाली ‘ड्राय पाइप’ची: पाइपात पाणी ठेवायचेच नाही, दाबाची हवा ठेवायची. पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हपाशी थांबलेले. त्या व्हॉल्व्हची झडप मोठी चतुर असते. हवेच्या बाजूला तिचे तोंड रुंद, पाण्याच्या बाजूला अरुंद. त्यामुळे 20 पीएसआयची हवा 100 पीएसआयचे पाणी थोपवून धरते. आगीने तोटी उघडली, हवा निसटली, की झडप उघडते आणि पाणी धावते.

नाव ‘ड्राय’ असले तरी हे पाइप कोरडे नसतातच. चाचणीचे पाणी सखल जागी साचून राहते, कॉम्प्रेसरच्या दमट हवेचे दव त्यात भर घालते. वर हवेत 21 टक्के ऑक्सिजन. लोखंड, पाणी, ऑक्सिजन: गंजाला आणखी काय हवे? जोडातून थोडी हवा गळते, कॉम्प्रेसर ताजी भरतो, म्हणजे गंजाला रोजचा शिधा पोचता होतो. लोकांनी साध्या पोलादाच्या (एमएस) पाइपांऐवजी जस्ताचा लेप दिलेले (जीआय) पाइप घातले. साचलेल्या पाण्याखाली जस्ताचा लेप एका ठिपक्यापुरता हरतो आणि तिथेच टाचणीएवढे भोक पडते. गंजाचे पापुद्रे तर नेमके आगीच्या वेळी तोटीच्या तोंडाशी येऊन अडकतात.

मग एखाद्याला सुचले की हवेतला ऑक्सिजनच काढून टाकावा. हवेत 78 टक्के नत्र आहेच, तो फक्त निवडायचा. डॅनियल रदरफोर्डने 1772 मध्ये हा वायू ओळखला होता, पण तो स्वस्तात वेगळा करण्याची युक्ती विसाव्या शतकातली. चार्ल्स स्कारस्ट्रॉमला 1960 मध्ये पेटंट मिळाले ते दाब चढवत-उतरवत वायू गाळण्याच्या पद्धतीचे. पुढे केसासारख्या पोकळ तंतूंच्या जुड्या आल्या. त्यांच्या भिंतींतून ऑक्सिजन लवकर निसटतो आणि नत्र सरळ पुढे जातो. स्प्रिंकलरच्या खोलीत नत्र निवडणारे असे यंत्र रुळले ते गेल्या दोनेक दशकांत.

यंत्र भिंतीवर टांगले म्हणजे काम झाले असे मालकाला वाटते. खरे काम तिथून पुढे. आधी पाइपाची परीक्षा: 200 पीएसआयवर दोन तास पाणी, मग 40 पीएसआयवर 24 तास हवा, आणि त्यात दीड पीएसआयहून जास्त घट चालत नाही. गळक्या पाइपावर नत्र लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. पाइप अर्ध्या तासात दाबावर यावा असा अमेरिकन नियम. छोटे यंत्र ते करू शकत नाही, म्हणून पहिली भरती यंत्राला वळसा घालणाऱ्या बायपासमधून कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने होते. नंतर बायपास बंद करून नत्र सोडतात आणि दूरच्या टोकाला बारीक झरा ठेवून जुनी हवा हळूहळू हुसकतात. याला दिवस लागतात, बहुधा दोन आठवडे. टोकाशी मीटर लावून 98 टक्के नत्र दिसला की काम पुरे. बंद खोलीत नत्र साचला तर माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते, म्हणून ऑक्सिजनचा भोंगा आणि वायुवीजन आधी तपासायचे.

कुठल्या इमारतीत असे यंत्र दिसले, तर त्याच्या चकचकीत पडद्याकडे नंतर बघा. आधी बायपासचा व्हॉल्व्ह बघा. घाईत तो उघडा राहिला असेल, तर यंत्र चालू असूनही पाइपात साधी हवाच जाते आहे.