वही कोणाची, सही कोणाची

दर जुलैत आमच्या तालुक्याच्या गावी एका पेढीसमोर शिक्षकांची गर्दी होते. वडील, दोन मुलं आणि एक सून असं चौघांचं ते हिशेबाचं काम. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी दुकानदारांच्या कीर्दी-खतावण्या लिहायला सुरुवात केली. आता मुलं संगणकावर जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरतात. आम्ही शिक्षक फॉर्म १६, पॅन, आधार आणि ठरलेली फी त्यांच्या हाती देतो. मोबाईलवर ओटीपी आला की तो सांगतो आणि वर्षभरासाठी सगळं विसरून जातो.

मीही दहा-बारा वर्षं हेच केलं. मग एके दिवशी आयकर विभागाचा संदेश आला, तुम्ही दाखवलेली देणगीची वजावट एकदा तपासून पाहा. मी विवरणपत्र उघडून वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं. माझ्या नावावर एका राजकीय पक्षाला दिलेली चाळीस हजारांची देणगी होती. मी कोणत्याही पक्षाला कधी पाच रुपये दिलेले नाहीत. त्या वर्षी आठ हजारांवर परतावा आला म्हणून आम्ही घरी खूश झालो होतो. तो पैसा कुठून आला, ते आता कळलं.

पेढीवर गेलो. धाकटा मुलगा म्हणाला, "सर, सगळ्यांचंच असं भरतो. परतावा आला तेव्हा कुठे विचारलंत?"

मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएड झालेला माणूस आहे. दोन लिप्या रोज फळ्यावर लिहितो. आणि स्वतःच्या नावाचा कागद वाचला नव्हता. घरी येऊन मी आपल्याकडच्या हिशेबाचा इतिहास चाळायला घेतला. त्यातून जे दिसलं ते इथे मांडतो.

सुरुवात शब्दांपासून करू. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, महसूल, रक्कम, तारीख, दफ्तर, कारकून हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले. रोजकीर्दीतला 'कीर्द' म्हणजे फारसीत केलेलं, घडलेलं. दिवसभरात जे घडलं त्याची नोंद ती रोजकीर्द. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले काही रुजले. पण जमा-खर्च कोणाला हलवता आला नाही. उर्दूच्या तासाला मी 'जमा' लिहितो आणि मराठीच्या तासाला तोच शब्द देवनागरीत लिहितो. मुलांना त्यात काही वेगळं वाटत नाही.

शब्द फारसीतले असले तरी लिहिणारे हात इथलेच होते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात सरकारी हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, अशी नोंद फरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. त्यामुळे दख्खनी ब्राह्मण कारकुनांचा दरबारात शिरकाव वाढला. पण भाषा इथली झाली म्हणून रयतेला हिशेब वाचता येऊ लागला, असं काही झालं नाही.

कारण हिशेब हे घराण्याचं काम होतं. गावात कुलकर्णी, परगण्यात देशपांडे. बापाची लेखणी मुलाकडे, मुलाची नातवाकडे. कोणाची जमीन किती, सारा किती, भरला किती, बाकी किती, हे सगळं कुलकर्ण्याच्या दफ्तरात आणि तेही बहुधा मोडीत. पेशवाईतलं यातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे भानूंचं घराणं. श्रीवर्धनहून आलेल्या या घराण्याकडे फडणिशी आली आणि पुढे त्यातल्या बाळाजी जनार्दन भानूंना सारा देश नाना फडणवीस याच नावाने ओळखू लागला. हिशेबाचं पद आडनाव झालं आणि त्या आडनावाने राज्य चालवलं.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. घरातच शिक्षण व्हायचं, जुने कागद जपले जायचे, गावाची माहिती पिढ्यान्‌पिढ्या टिकायची. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून संशोधक जे वाचतात, ते अशाच हातांनी लिहिलेलं आहे. दोष एकच होता. लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातला असायचा, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचता येत नसे.

त्याचा परिणाम पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात दिसला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागलं. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यात साराही वाढवला गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. कायदा कुळाच्या भल्यासाठी होता, पण सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. शेतकरी अंगठा देत राहिला. कागदात काय लिहिलंय ते त्याला सावकारच सांगायचा.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने नेमलेल्या आयोगालाही दिसलं की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने दिले, तिथे मारहाण सहसा झाली नाही. जो कागद वाचता येत नव्हता, तो त्यांनी जाळला.

पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातल्या एका तरतुदीकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. शेतकरी कर्जदाराला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. म्हणजे वहीची एक बाजू कुळाच्या हाती आली. मला इथे सूरह बकराची २८२वी आयत आठवली. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत उधारीच्या हिशेबाबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, आणि मजकूर सांगावा तो कर्ज घेणाऱ्याने, असं ती सांगते. लहानपणापासून तिलावत केली, पण मजकूर कर्जदाराने का सांगायचा, हे सुप्याबद्दल वाचल्यावर नीट उमगलं. सांगणारा तो असेल तर काय लिहिलं जातंय हे त्याला ठाऊक असतं.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कुलकर्ण्याच्या लेखणीवर कोरडे ओढले. त्यांचा मूळ मुद्दा शिक्षणाचा होता. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात हे व्हायला १९५० चा कायदा यावा लागला. हिशेब घराण्याकडून कचेरीकडे गेला.

दरम्यान दुसरी एक वही उघडली होती. १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला. तो काही वर्षांनी बंद झाला, पुन्हा आला आणि १८८६ च्या कायद्यानंतर कायमचा राहिला. १९२२ आणि मग १९६१ चा कायदा झाला. १ जुलै १९४९ ला सनदी लेखापालांची संस्था सुरू झाली. आता या कामाला परीक्षा आली, सनद आली. जन्माने मिळणारा हक्क संपला.

पण कागद इंग्रजीत गेला आणि वाचणारे पुन्हा थोडे उरले. म्हणून गावोगाव घरगुती पेढ्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळ प्रामाणिक आहेत. त्या नसत्या तर छोट्या दुकानदाराला जीएसटीचा एकही फॉर्म भरता आला नसता. मात्र कायद्याच्या नजरेत विवरणपत्र पेढीचं नसतं, माझं असतं. खोटी माहिती सिद्ध झाली तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड मलाच होतो. ओटीपी म्हणजे माझा अंगठा. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचायला कोणी शिकवलं नव्हतं, तो नाइलाज होता. माझ्याकडे तसं कारण नव्हतं. शिवाय त्याचं कर्ज वाढत होतं, माझ्या खात्यात तर पैसे येत होते. म्हणूनच मी विचारलं नाही, हेही कबूल करतो.

मी अद्ययावत विवरणपत्र भरलं. परतावा, व्याज आणि त्यावरचा जादा कर भरला. आठ दिवसांनी पेढीचे वडील शाळेत आले. म्हणाले, "मास्तर, मी हाताने लिहायचो तेव्हा गिऱ्हाइकाला वाचून दाखवून मगच सही घ्यायचो. पोरांनी ते सोडलं. चूक आमची आहे." मी म्हणालो, "काका, मीही ऐकायला बसलो नाही."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी माझं विवरणपत्र सगळ्यांसमोर वाचलं, ओळ न् ओळ, मराठीत अर्थ सांगत. मग एकेकाने आपापला मोबाईल काढला. आम्ही अकरा जण होतो. आणखी तिघांच्या नावावर तशीच देणगी निघाली.

यंदाही मी त्याच पेढीवर गेलो. वडिलांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "बसा, मास्तर. वाचा." वाचायला वीस मिनिटं लागली. ओटीपी मी त्यानंतर सांगितला.